नाशिक झोन ३ मध्ये आहे: स्टिल्ट पार्किंग, रिंगा आणि कॉलमचा सांधा

गोदाकाठ

नाशकात फ्लॅट बघायला गेलं की पार्किंग किती, पाणी महापालिकेचं की बोअरचं, पूर्वेचं ऊन येतं का, सगळं विचारलं जातं. भूकंपाचं कुणी काढलंच तर ठरलेलं उत्तर येतं, "खाली काळा पाषाण आहे, नाशिकला काही होत नाही." हा धागा त्या उत्तरासाठी.

आयएस १८९३ (भाग १, २०१६) या भूकंपाच्या कोडच्या यादीत नाशिक झोन ३ मध्ये आहे, झोन गुणांक ०.१६. मुंबई, पुणे, सोलापूर याच रांगेत. कोयनानगर झोन ४. किल्लारी १९९३ साली तेव्हाच्या नकाशात झोन १ मध्ये, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होतं. २००२ मध्ये झोन १ हा प्रकारच काढून टाकला, यावरून काय ते समजा.

आता पाषाणाचं गणित. स्टिल्ट (खाली भिंतींशिवाय, नुसत्या कॉलमांचं पार्किंग) अधिक चार मजले, उंची १५ मीटर, पायथ्याशी हलण्याच्या दिशेने लांबी १२ मीटर. वीटभिंती धरून इमारतीचा डुलण्याचा काळ: ०.०९ गुणिले १५, भागिले १२ चं वर्गमूळ, म्हणजे ०.३९ सेकंद. कोडच्या आलेखात खडकावर ०.४० सेकंदांपर्यंत, मध्यम मातीवर ०.५५ पर्यंत आणि मऊ मातीवर ०.६७ पर्यंत एकच कमाल मूल्य आहे, २.५. म्हणजे आपल्याकडच्या नेहमीच्या चार-पाच मजली इमारतीला पाषाणाची सूट जवळपास शून्य. पाया स्वस्त पडतो, तेवढाच फायदा.

पुढे: ०.१६ भागिले २, गुणिले २.५, म्हणजे ०.२०. इमारतीचं वजन १००० टन धरलं तर आडवं बळ २०० टन. पण डिझाइन होतं ४० टनांवर, कारण कोड या आकड्याला ५ ने भागतो. हा ५ म्हणजे 'आर'. इमारत तडकेल, वाकेल, पण तुटणार नाही, या विश्वासावर दिलेली सवलत. विश्वास कशावर? आयएस १३९२० प्रमाणे कॉलमच्या उभ्या सळ्यांभोवती बांधलेल्या रिंगांवर. साइटवर रिंग चुकली की कागदावरची ४० टन बळाची इमारत प्रत्यक्षात कसलीच उरत नाही.

तेव्हा ज्यांना साइटची माहिती आहे त्यांनी नेमकं काय बघायचं ते लिहा. "चांगला कन्सल्टंट नेमा" वगैरे नको.

रिंग१३५

रिंगेपासूनच सुरू करतो.

हुक १३५ अंशांचा हवा, आणि वळणापुढची शेपटी सळईच्या व्यासाच्या ६ पट किंवा ६५ मिमी, यातलं जे जास्त ते. ८ मिमीच्या रिंगेला ६ पट म्हणजे ४८, म्हणून ६५ च लागू. शेपटी कॉलमच्या पोटात वळलेली हवी. फिटर ९० अंशांवर सोडतो, कारण तशी रिंग वरून सळ्यांवर पटकन सरकते आणि दिसायलाही नीट चौकोनी दिसते. हादऱ्यात कव्हरचं, म्हणजे सळ्यांबाहेरचं, काँक्रीट सगळ्यात आधी उडतं. ते उडालं की ९० चा हुक उघडतो, रिंग सुटते, उभ्या सळ्या बाहेर फुगतात आणि कॉलम बसतो. १३५ चा हुक आतल्या काँक्रीटमध्ये रुतलेला असतो, म्हणून कव्हर गेलं तरी धरून राहतो.

हुक सगळ्या रिंगांचे एकाच कोपऱ्यात येऊ देऊ नका, चारी कोपऱ्यांत फिरवत न्या.

अंतर: कॉलमच्या वरच्या आणि खालच्या टोकाला दाट. किती उंचीपर्यंत? कॉलमची मोठी बाजू, मोकळ्या उंचीचा सहावा भाग आणि ४५० मिमी, यांत जे मोठं ते. किती दाट? लहान बाजूचा पाव हिस्सा, सर्वांत बारीक उभ्या सळईच्या ६ पट आणि १०० मिमी, यांत जे लहान ते. मध्ये लहान बाजूच्या निम्म्याइतकं चालतं.

लॅप, म्हणजे दोन सळ्या शेजारी ठेवून केलेली जोड, कॉलमच्या मधल्या निम्म्या उंचीत. नाशकात (आणि सगळीकडेच) स्लॅबमधून स्टार्टर (सळ्यांची वर आलेली टोकं) काढून तिथेच, पायाशी, सगळ्या सळ्यांचा लॅप मारला जातो. सोयीचं असतं, कारण लांब सळ्या उभ्या सावराव्या लागत नाहीत. पण जिथे सगळ्यात जास्त वाक येतो नेमका तिथेच जोड. एका पातळीवर निम्म्याहून जास्त सळ्या जोडू नयेत, आणि लॅपच्या पूर्ण लांबीत रिंगा १०० मिमीवर.

बेरीज_वजाबाकी

"एवढ्या रिंगा टाकल्या तर स्टील कुठल्या कुठे जाईल" हे ऐकून कान किटलेत, म्हणून हिशोबच मांडतो.

कॉलम ३०० बाय ४५०, कव्हर ४०, उभ्या सळ्या १६ मिमी, मजला ३ मीटर, बीम ४५० खोल. मोकळी उंची २.५५ मीटर. टोकाचा दाट पट्टा ४५० मिमी. अंतर: ३०० चा पाव ७५, १६ ची सहापट ९६, म्हणून ७५.

खाली ७, वर ७, मध्ये (८०० मिमीचा लॅप १०० वर, उरलेलं १५० वर) १३, बीम-कॉलमच्या सांध्यात ५. एकूण ३२ रिंगा. नेहमीच्या पद्धतीत २०० मिमीवर १३ आणि सांध्यात एकही नाही.

८ मिमीची एक रिंग हुकांसह साधारण १.३४ मीटर, ०.५३ किलो. रिंगेची ३७० ची बाजू (४५० वजा दोन्हीकडचं कव्हर) ३०० पेक्षा मोठी असल्याने मध्ये एक आडवी टाय, म्हणजे समोरासमोरच्या बाजू बांधणारी सळई, लागेल, ०.१६ किलो. फरक निघतो प्रत्येक कॉलमला, प्रत्येक मजल्याला १५ किलो. १२ कॉलम आणि ५ पातळ्या म्हणजे ९०० किलो. ६० रुपये किलो धरला तर ५४ हजार. अख्ख्या इमारतीला!

मोमेंट_फ्रेम

बेरीज बरोबर, पण डिझाइन कच्चं. अंतर पाळलं म्हणजे झालं असं नाही, रिंगेच्या सळईचं क्षेत्रफळही तपासावं लागतं. सूत्र: ०.१८ गुणिले अंतर गुणिले रिंगेची न टेकलेली बाजू गुणिले काँक्रीट-स्टीलच्या ताकदीचं गुणोत्तर गुणिले (पूर्ण क्षेत्रफळ भागिले रिंगेच्या आतलं क्षेत्रफळ, वजा १).

तुमच्याच कॉलमला एम २५ काँक्रीट आणि एफई ५०० स्टील धरून: पूर्ण १,३५,०००, आतलं २२० गुणिले ३७० म्हणजे ८१,४००, गुणोत्तर वजा १ म्हणजे ०.६६. ३७० च्या बाजूला मध्ये टाय दिल्यावर न टेकलेली बाजू १८५. ७५ मिमी अंतराला लागतात ८२ चौरस मिमी. ८ मिमीची सळई देते ५०. नापास.

१० मिमीची सळई ७८.५ देते. अंतर ७० केलं की गरज ७७ च्या आसपास येते, म्हणजे बसतं. २२० च्या बाजूलाही टाय लागेल, नाहीतर ती दिशा नापास होते. लहान कॉलमला कव्हरचा वाटा मोठा असतो म्हणून हा मार बसतो. ४५० बाय ६०० ला गणित सोपं जातं.

सुधारित हिशोब: टोकं आणि सांधा मिळून २२ संच, प्रत्येकात एक रिंग आणि दोन टाय, २.३७ मीटर, १.४६ किलो. ३२ किलो झाले. मधल्या १३ ना ८ मिमी चालेल, ९ किलो. एकूण ४१. जुन्या पद्धतीचे ७ वजा केले तर फरक ३४ किलो. ६० ठिकाणी मिळून साधारण २ टन, सव्वा लाख. मजुरी वेगळी.

बेरीज_वजाबाकी

मान्य. ५४ हजारांचे सव्वा लाख झाले, तरी एका मॉड्युलर किचनच्या आतच आहेत.

पार्किंगवाला

रिंगांवर इतकं लिहिलंत, पण धोका खालच्या मजल्याचा मोठा आहे. वर चार मजले विटांच्या भिंतींनी ताठ, खाली नुसते कॉलम. हादऱ्यात वरचा भाग एकच पेटी होऊन हलतो आणि सगळी सरक पार्किंगच्या कॉलमांवर येते. २६ जानेवारी २००१ ला केंद्र भुजजवळ होतं, अहमदाबाद तिथून २०० किलोमीटरहून लांब, तरी तिथे पडलेल्या बऱ्याच इमारती याच जातीच्या. १९९७ च्या जबलपूरच्या भूकंपातही स्टिल्टवाल्यांनाच फटका बसला, आणि जबलपूर आपल्यासारखंच झोन ३.

द्राक्षाचा मांडव बघितलेल्याला समजावणं सोपं आहे. वजन सगळं वर, खाली सडपातळ खांब. कडेच्या खांबांना ताण दिलेला नसला तर मांडव एका अंगाला कलून बसतो. मधले खांब कितीही चांगले असोत.

२००२ च्या कोडमध्ये उपाय होता: खालच्या मजल्याचे कॉलम-बीम अडीच पट बळाला डिझाइन करा. २०१६ मध्ये त्याऐवजी आरसीसी भिंती किंवा ब्रेसिंग द्या असं आलं. भिंती दिल्या तर प्रत्येक दिशेला मजल्याच्या क्षेत्रफळाच्या किमान २ टक्के.

मोमेंट_फ्रेम

२ टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. १५ बाय १२ मीटरचा मजला, १८० चौरस मीटर. २ टक्के म्हणजे ३.६ चौरस मीटर. २०० मिमी जाडीची भिंत धरली तर १८ मीटर लांबी, एका दिशेला. दुसऱ्या दिशेला आणखी १८. नुसता लिफ्टचा डक्ट दाखवून "शिअर वॉल (आडवं बळ घेणारी आरसीसी भिंत) आहे की" म्हणणाऱ्यांनी डक्टची लांबी मोजावी. शिवाय डक्ट एका कोपऱ्यात असेल तर इमारत पिळवटते, ते आणखी वाईट. भिंती परिघावर, समोरासमोर, आणि पायापासून वरपर्यंत सलग हव्यात.

पार्किंगवाला

बरोबर, आणि इथेच आर्किटेक्ट आणि आरसीसीवाल्याचं भांडण लागतं, कारण १८ मीटर भिंतीत गाड्यांच्या जागा जातात. तोडगा ले-आउट ठरतानाच निघतो: जिन्याच्या दोन बाजू, मीटर रूम, पंप रूम आणि बाजूच्या मार्जिनकडचे दोन-दोन गाळे (दोन कॉलममधल्या जागा) भिंतीत घ्यायचे. आराखडा मंजूर झाल्यावर भिंत शोधायला गेलात तर मिळत नाही.

आखूड कॉलमबद्दलही लिहितो, कारण तो बांधकाम झाल्यावर मालक स्वतःच तयार करतात. पार्किंगच्या दोन कॉलममध्ये अर्ध्या उंचीची भिंत आणि वर जाळी. ३ मीटरच्या कॉलमचा १ मीटरच मोकळा राहिला तर तो भाग २७ पट ताठ होतो (उंचीच्या घनाच्या व्यस्त), शेजारच्या कॉलमांचं बळ ओढून घेतो आणि तिरका फाटतो. भिंत हवीच असेल तर कॉलमपासून २०-२५ मिमी फट सोडा, फटीत थर्माकोल आणि तोंडाला सीलंट, आणि भिंतीला स्वतःचे छोटे खांब व वर काँक्रीटची पट्टी. नाहीतर ती भिंतच गाडीवर पडायची. जिन्याच्या मधल्या लँडिंगचा बीम कॉलमला मध्येच टेकतो, तिथेही हाच प्रकार. त्या कॉलमला पूर्ण उंचीभर दाट रिंगा.

तीवंधा

जुन्या नाशकातल्या वाड्यांना यातलं काहीच लागू नाही. तिथे काय?

मातीकाम

वाड्यात दोन गोष्टी वेगळ्या बघायच्या: सागवानी सांगाडा आणि भिंत. सांगाडा सहसा तग धरतो, अट एकच, खांबाचा तळ आणि तुळईचं भिंतीतलं टोक कुजलेलं नको. या दोन ठिकाणी सळई खुपसून बघा. वरून रंगवलेला खांब खाली भुसा झालेला असतो.

भिंतीचा प्रश्न वेगळा. जाड दगडी भिंत म्हणजे खरं तर दोन पातळ भिंती आणि मध्ये माती-कपच्यांचा भराव. किल्लारीत ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे याच भिंती उभ्या फाटल्या, बाहेरचा पापुद्रा बाहेर, आतला आत, आणि वर जड माळवद. दोन्ही पापुद्रे बांधणारे आरपार दगड नव्हते. नव्या बांधकामात असा दगड उंचीत दर ६०० मिमीला आणि लांबीत दर १.२ मीटरला घालतात.

उभ्या भिंतीत नंतर घालायचा असेल तर: एक दगड हलवून काढा, भराव हाताने कोरून आरपार साधारण ७५ मिमीचं भोक करा, दोन्ही तोंडं जरा रुंद. ८ मिमीची दोन्हीकडे आकडा केलेली सळई ठेवा, काँक्रीट भरा, १० दिवस पाणी. ब्रेकर लावू नका, भिंत आतून ढिली होते. एका वेळी शेजारशेजारची भोकं पाडू नका. त्यानंतर दारं-खिडक्यांच्या वर आणि छताखाली, सगळ्या भिंतींवरून फिरणारा वेल्डमेशचा पट्टा, १:३ च्या गिलाव्यात दोन थरांत, आतबाहेर दोन्हीकडून आणि आरपार तारांनी जोडलेला. पट्टा कोपऱ्यावर तुटला तर केलेलं काम वाया. माळवदावरची जादा माती उतरवा, हे सगळ्यात स्वस्त काम आहे आणि कुणी करत नाही, कारण उन्हाळ्यात घर तापतं.

नऊ इंची विटांच्या बैठ्या बंगल्यालाही लिंटेलचा पट्टा सलग हवा: ७५ मिमी जाड, ८ च्या दोन सळ्या, ६ च्या कड्या १५० वर, कोपऱ्यात सळ्या वळवून पुढच्या भिंतीत नेलेल्या. फक्त खिडकीवर टाकलेला लिंटेल म्हणजे पट्टा नव्हे.

सोसायटी_सचिव

३० वर्षं झालेल्या इमारतींना महापालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ खाली स्ट्रक्चरल ऑडिट लागतं. ऑडिटमध्ये "इमारत सुस्थितीत" आलं तर भूकंपालाही सुस्थितीत धरायचं का?

मोमेंट_फ्रेम

नाही. हा सगळ्यात मोठा गैरसमज. नेहमीच्या ऑडिटमध्ये रिबाउंड हॅमर, अल्ट्रासॉनिक, गंजासाठी हाफ-सेल (उणे ३५० मिलिव्होल्टपलीकडे वाचन गेलं तर गंज जवळपास नक्की) आणि कार्बोनेशन बघतात. हे सगळं काँक्रीट-स्टीलच्या तब्येतीचं. आडव्या बळाची तपासणी आयएस १५९८८ (उभ्या आरसीसी इमारतींच्या भूकंप तपासणीचा कोड) प्रमाणे वेगळी करायची असते. कामाच्या पत्रात ती स्पष्ट लिहून मागा, नाहीतर होणार नाही.

पहिली चाळणी हाताने होते. १२ कॉलम २३० बाय ४५०, मिळून १.२४ चौरस मीटर. तीन फ्रेम (कॉलम-बीमच्या चौकटी) धरल्या तर गुणक १२ भागिले ९. जुनी इमारत, रिंगा विरळ, म्हणून 'आर' ५ नाही, ३ धरायचा. १००० टनांवर आडवं बळ साधारण ६६७ किलोन्यूटन. कॉलममधला सरासरी कातर ताण ०.७२ मेगापास्कल. मर्यादा ०.४. उरलेल्या आयुष्यासाठी कोड बळात थोडी सूट देतो, ती धरूनही ०.४ च्या खाली येत नाही. २३० रुंदीच्या कॉलमांवर उभ्या स्टिल्टच्या बहुतेक इमारती या चाळणीत अडकतील. अडकली म्हणजे पाडा असं नाही, सविस्तर तपासणी करा.

सोसायटी_सचिव

आणि मग कॉलम जॅकेटिंग, म्हणजे जुन्या कॉलमभोवती नवं काँक्रीट? दर फुटावर सांगतात, कामात काय बघायचं?

रिंग१३५

जाडी किमान १०० मिमी, काँक्रीट जुन्यापेक्षा किमान ५ मेगापास्कल जास्त. चार कोपऱ्यांत किमान १२ मिमीच्या सळ्या, ८ च्या रिंगा १०० वर, हुक १३५ चा, शेपटी इथे १० पट, म्हणजे ८० मिमी.

क्रम: टेकू द्या, गिलावा काढा, सैल काँक्रीट पार उतरवा, उरलेल्यावर टाचे मारून खडी दिसू द्या, गंज घासा, इपॉक्सीने डॉवेल (जुनं-नवं सांधणाऱ्या सळ्या) बसवा, मग सळ्या, मग काँक्रीट. खरी मेख सळ्यांच्या टोकांत आहे. खाली त्या फुटिंगमध्ये रुतवायला हव्यात, म्हणजे फरशी फोडून पायापर्यंत खणायला हवं. वर स्लॅबला भोकं पाडून पुढच्या मजल्यात न्यायला हव्यात. फरशीवर सुरू होऊन बीमखाली संपणारं जॅकेट कॉलमला उभ्या भाराला आणि कातरीला थोडं बळ देतं, वाकाला काहीच नाही. कोटेशनमध्ये "फुटिंगपर्यंत खोदकाम" आणि "स्लॅबमधून सळ्या आरपार" या दोन ओळी नसतील तर ते महागडं प्लास्टर समजा. आणि स्टिल्टला नुसत्या जॅकेटपेक्षा दोन्ही दिशांना काही गाळे आरसीसी भिंतीने बंद करणं बहुतेक वेळा स्वस्त आणि जास्त उपयोगी पडतं. पायासकट, अर्थात.

गच्चीवरून

वरचंही बघा. १०,००० लिटरची टाकी म्हणजे १० टन पाणी. गच्चीवरून उभ्या उठणाऱ्या टाक्या, कठडे, टॉवर यांना कोड नेहमीच्या आडव्या गुणांकाच्या ५ पट बळ धरायला सांगतो. तुमच्या ०.०४ चं (१००० टनांवर ४०) ०.२०, म्हणजे टाकीला २ टनांचा आडवा धक्का. नुसत्या विटांच्या चार खांबांवर ठेवलेली टाकी त्यात जागेवर राहणार नाही. साडेचार इंची, मध्ये खांब नसलेला कठडाही तसाच, आणि तो पडतो थेट प्रवेशद्वारावर.

गोदाकाठ

छान चाललंय. पेठ, सुरगाणा, कळवण पट्ट्यात हलके धक्के अधूनमधून नोंदले जातात, नोव्हेंबर २०१८ पासून पालघर-डहाणूकडेही मालिका होती, तेव्हा विषय अगदीच पुस्तकी नाही.

एक शंका राहिली. बीम-कॉलमच्या सांध्यात रिंगा कुणीच टाकत नाही, कारण बीमची जाळी बसल्यावर हात जात नाही. यावर साइटवर चालेल असा मार्ग?

रिंग१३५

रिंगा बीम बसल्यावर नाही, आधी घालायच्या. तळाचं सेंटरिंग झालं की सांध्यातल्या सगळ्या रिंगा उभ्या सळ्यांवर सरकवून एकावर एक गठ्ठा करून ठेवा. बीमची जाळी सेंटरिंगच्या वर, लाकडी ठोकळ्यांवर बांधा. खालच्या सळ्या आत गेल्या की रिंगा एकेक वर उचलून तारेने बांधा, शेवटी जाळी ठोकळ्यांवरून खाली सोडा. दुसरा मार्ग: रिंगा आधीच चार बारीक उभ्या सळ्यांना ठरलेल्या अंतरावर बांधून शिडीसारखा पिंजरा करायचा आणि बीमच्या सळ्या त्यातून ओवायच्या. काँक्रीट पडायच्या आदल्या दिवशी वरून टॉर्च मारून रिंगा मोजा. ७० च्या अंतराने ४५० च्या बीमला ६ मोजता आल्या पाहिजेत.

गोदाकाठ

१० मिमीच्या रिंगा ७० वर, दोन-दोन टाय, वर बीमच्या सळ्या. काँक्रीट उतरेल का त्यात? हनीकोंब झालं, म्हणजे आत पोकळ्या राहिल्या, तर रिंगा घालून उपयोग काय.

मोमेंट_फ्रेम

रिंगांमध्ये ६० मिमी मोकळं राहतं, त्यातून २० मिमीची खडी जाते. अडचण सुईची येते. ३०० च्या कॉलममध्ये उभ्या सळ्यांच्या आत १६८ मिमी, मध्ये टाय आली की एका बाजूला ७५-८० मिमी. ६० मिमीची व्हायब्रेटर सुई तिथे अडकते आणि मग कामगार ती बाहेरच्या फळीवर दाबून धरतो. ४० मिमीची सुई आणून ठेवा, काँक्रीट ओतायच्या आधी ती रिकाम्या पिंजऱ्यात तळापर्यंत उतरते का ते बघून घ्या, आणि टाय एकाखाली एक सरळ रेषेत बांधायला सांगा म्हणजे सुईला वाट राहते. सांध्यापुरती १०-१२ मिमीची खडी वापरली तर उत्तम. पाणी मात्र वाढवू नका, प्लॅस्टिसायझर वाढवा.